डॉक्टर, दातांसोबत तोंडही बघा

(आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या तीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात जेवणाआधी केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात जे राहून गेलं, ते लिहिताना भरलं आहे.)

 

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी म्हटलं, चोवीस वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसले, मान दुखली, चष्म्याचा नंबर वाढला, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. मला दुसऱ्या विषयावर वीस मिनिटं द्या. विषय सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "अगं, जेवणाआधी तोंडाचा कॅन्सर?" मी म्हटलं, "जेवणाआधीच. जेवणानंतर तुम्ही पानाचा स्टॉल ठेवलाय. मग माझं कोण ऐकणार?"

तर मी डॉक्टर नाही. शाळेत असताना बेडकाचं चित्र काढतानासुद्धा माझा हात थरथरायचा, हे शास्त्राच्या बाईंना आठवत असेल. मी इंजिनिअर आहे. आज मी जे सांगणार आहे ते माझ्या घरात घडलं म्हणून मला शिकावं लागलं. त्यातलं वैद्यकीय जेवढं आहे ते आपल्याच तुकडीतल्या दोन दंतवैद्यांकडून मी तपासून घेतलं आहे. ते दोघं आज इथे आहेत आणि शेवटी त्यांचं एक काम आहे, ते मी नंतर सांगते.

माझा दादा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आपल्यापुढे तीन वर्षं होता. कबड्डीच्या संघात होता, गणपतीत ढोल वाजवायचा. आपल्या सहलीच्या एसटीला उशीर झाला होता तेव्हा सायकलवरून स्टँडवर जाऊन चौकशी करून आलेला, तोच. दहावीनंतर त्याने वडिलांसोबत मार्केट यार्डातलं आडत दुकान सांभाळायला घेतलं. दादाने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, दारू घेतली नाही, तंबाखू मळली नाही. तो फक्त सुपारी खायचा.

ही सुपारी कुठून सुरू झाली, हे तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या फाटकाबाहेर गाडी लागायची. बोरं, चिंचा, आवळे, पेपरमिंट आणि गोड सुपारीच्या छोट्या पुड्यांची माळ. मधल्या सुट्टीत आपण सगळ्यांनीच त्या पुड्या दाताने फाडल्या आहेत. बहुतेकांची ती सवय शाळेबरोबर संपली. दादाची संपली नाही. आडत दुकानात दिवसभर बोलायचं काम. गिऱ्हाईक आलं की चहा, चहा झाला की सुपारी. घरी वडिलांचा पानाचा डबा आणि अडकित्ता होताच. आधी कातरलेली सुपारी, मग सुगंधी सुपारीची पुडी. डाव्या गालात ठेवून द्यायची. तासभर तिथेच.

आमच्या घरात याला कोणी व्यसन म्हटलं नाही. कीर्तनाला आलेल्या माणसाला आपण देतो, हळदीकुंकवाला देतो, पूजेत ठेवतो, सुपारी फोडून लग्न ठरवतो. ज्याच्याशिवाय गणपतीची पूजा मांडली जात नाही, ती वस्तू वाईट कशी असेल? पण पूजेत ठेवणं वेगळं आणि पंचवीस वर्षं गालात ठेवणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिने २००४ मध्ये सुपारीला माणसात कॅन्सर निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. म्हणजे 'माझ्या पानात तंबाखू नसते, नुसती सुपारी असते' हे वाक्य आपण जेवढ्या निश्चिंतपणे म्हणतो, तेवढं ते निश्चिंत होण्यासारखं नाही.

२०१८ ची दिवाळी. मी पुण्याहून मुलांना घेऊन आले होते. दादा फराळाला बसला आणि त्याने बेसनाचा लाडू ताटात फोडून, चमच्याने खाल्ला. मी हसले. म्हटलं, "काय रे, साहेब झालास?" तो म्हणाला, "तोंड एवढंच उघडतं गं आताशा." संध्याकाळी मुलांनी पाणीपुरीचा हट्ट धरला, तर दादाची पुरी तोंडात मावेना. सगळे हसलो. तोही हसला. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, म्हणून वहिनी त्याची आमटी वेगळी काढायची. आम्हाला वाटलं, वय झालं, पित्त असेल.

त्या वेळी तो बेचाळीस वर्षांचा होता.

त्याला जे झालं होतं त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठर होतं. आत दोरीसारखे पट्टे तयार होतात. गाल ताणला जात नाही, म्हणून तोंड उघडत नाही. तिखट सोसत नाही. हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सर होण्याआधीची अवस्था म्हणून डॉक्टर त्याच्याकडे बघतात. असं तोंड असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही, पण ज्याचं असं आहे त्याने सुपारी त्या दिवशी सोडायला हवी आणि नियमित तपासून घ्यायला हवं. हे आम्हाला दिवाळीत कळलं असतं, तर कदाचित आज दादा पहिल्या रांगेत बसला असता.

पुढच्या वर्षी त्याची खालची डावी दाढ दुखायला लागली. तो दातांच्या डॉक्टरांकडे गेला. वहिनी सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, "व्यसन काही?" दादा म्हणाला, "नाही." वहिनी शेजारी उभी होती म्हणून तो खोटं बोलला, असं तुम्हाला वाटेल. तसंही नव्हतं. त्याला मनापासून वाटत होतं की त्याला व्यसन नाही. डॉक्टर म्हणाले, "तोंड अजून उघडा." हा म्हणाला, "एवढंच उघडतं." डॉक्टरांनी कशीबशी दाढ भरली. दोन-तीन फेऱ्या झाल्या. पैसे दिले, घरी आले.

मी त्या डॉक्टरांचं नाव घेणार नाही आणि त्यांना दोषही देणार नाही. दात दुखतो म्हणून माणूस आला, त्यांनी दात बघितला. दादाने खरं सांगितलं नाही. वहिनीने आमटीचं सांगितलं नाही. मी पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि लाडू चमच्याने खाणाऱ्या भावाला हसते. त्या खुर्चीवर चांगला दिवा होता, आरसा होता, शिकलेला माणूस होता आणि दादाचं तोंड, जेवढं उघडत होतं तेवढं, उघडं होतं. सगळं काही होतं. फक्त दाढेच्या पलीकडे कोणी बघितलं नाही आणि कोणी 'बघा' म्हटलं नाही. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

पुढचं थोडक्यात सांगते. मग लॉकडाऊन आलं. २०२१ मध्ये डाव्या गालात, त्याच दाढेच्या समोर, एक जखम झाली. 'दात लागत असेल' म्हणून मेडिकलमधून मलम आणलं. दोन महिने मलम लावलं. गळ्याला गाठ लागली तेव्हा धावपळ झाली. बायोप्सी, स्कॅन, ऑपरेशन. डाव्या बाजूचा जबडा काही भाग काढावा लागला, मानेतल्या गाठी काढल्या, मांडीचा तुकडा घेऊन गाल बनवला. नाकातून नळी. मग सहा आठवडे रेडिएशन. आडत दुकान वर्षभर बंद.

दादा आहे. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, तो आहे, दुकानातही बसतो. पण आज इथे आलेला नाही. मी त्याला म्हटलं होतं, तुझ्याही वर्गातले दोघं-तिघं येणार आहेत, चल. तो म्हणाला, "भाषणाला येईन गं. पण नंतर पंगत असते." त्याला चावता येत नाही. भात मऊ करून, डाव्या बाजूला रुमाल धरून जेवावं लागतं. चारचौघांत बसून जेवणं त्याने सोडून दिलं आहे. ज्या माणसाने आपल्या गॅदरिंगला दोन-दोन पंगतीत वाढलं, तो आज पंगत आहे म्हणून आला नाही.

ही गोष्ट त्याला विचारूनच सांगते आहे. त्याचं बोलणं आता स्पष्ट नाही, फोनवर दोनदा विचारावं लागतं. तो म्हणाला, "सांग. पण एक कर. 'व्यसन' म्हणू नकोस, 'सुपारी' म्हण. व्यसन म्हटलं की माणसाला वाटतं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय."

म्हणून मी नावं घेऊनच विचारते. सुपारी. मावा. गुटखा, जो आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू-चुना. बिडी, सिगारेट. आणि बायकांनो, मिश्री. आमच्या आजीचा मिश्रीचा डबा चुलीमागे असायचा. सकाळी उठल्यावर ती दात घासायची, दुपारी घासायची, कामाला बसण्याआधी पुन्हा घासायची. दिवसातून पाच वेळा कोणी दात घासत नसतं. ती भाजलेली तंबाखू होती. पण तिला कोणी तंबाखू खाणारी म्हटलं असतं तर तिने त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. आजही दातांच्या डॉक्टरांसमोर बाईला कोणी हे विचारत नाही आणि बाई सांगत नाही.

आता थोडे आकडे. गणिताचे सर समोर आहेत, त्यामुळे जपून सांगते. २०१६-१७ मध्ये केंद्र सरकारने प्रौढांच्या तंबाखू सेवनाची देशभर पाहणी केली. त्यात महाराष्ट्रात न ओढता खाण्या-लावण्याची तंबाखू घेणारे प्रौढ २४.४ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ चारात एक. या सभागृहात आपण दोनशे जण आहोत. गुणाकार तुम्ही करा. मी कोणाकडे बघणार नाही.

जागतिक पातळीवर कॅन्सरचे जे अंदाज काढले जातात, त्यांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार लोक त्याने गेले. भारतातल्या पुरुषांमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. यातले बहुसंख्य रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचतात तेव्हा रोग पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. पोटातला कॅन्सर उशिरा कळतो हे समजू शकतं. पण तोंड आपण रोज आरशात उघडतो. सुजाण दिवा आणि दोन बोटं एवढ्यावर जो भाग तपासता येतो, तिथला रोग आपल्याकडे उशिरा कळतो.

आणि तपासणी होते किती? २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या लोकांना विचारलं होतं की कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी तपासलं आहे का. 'हो' म्हणणाऱ्या बायका ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के. शंभरात एक. मला खात्री आहे, या शंभरातले कितीतरी जण आयुष्यात एकदा तरी दात दुखतो म्हणून डॉक्टरांच्या खुर्चीत बसले असतील.

ही तपासणी म्हणजे नक्की काय, हे मला स्वतःला २०२२ पर्यंत माहीत नव्हतं. मी पुण्यात दात साफ करून घ्यायला गेले होते. डॉक्टर तरुण मुलगी होती. दाताला हात लावण्याआधी तिने माझी मान दोन्ही बाजूंनी, जबड्याखाली बोटांनी चाचपली. ओठ उलटे करून बघितले. दोन्ही गाल आतून ताणून बघितले. हिरड्या बघितल्या. मग जीभ बाहेर काढायला सांगितली, तिचं टोक कापसाच्या जाळीच्या तुकड्यात धरलं, आणि जीभ एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढून तिच्या कडा मागेपर्यंत बघितल्या. जीभ वर टाळ्याला लावायला सांगून खालची जागा बघितली, बोटाने दाबून बघितली. टाळू बघितली, 'आ' म्हणायला लावून घसा बघितला. म्हणाली, "सगळं छान आहे. आता दात बघू."

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुखलं नाही, सुई नाही, मशीन नाही. आणि मी रडायला लागले. ती घाबरली. "मॅडम, लागलं का?" मी म्हटलं, नाही. तिला कसं सांगणार की अगं, एवढंच? एवढंच करायचं होतं?

यात त्या काय शोधतात, तेही सांगते. न जाणारा पांढरा चट्टा, जो पुसून निघत नाही. लाल मखमलीसारखा चट्टा, हा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम, मग ती दुखो किंवा न दुखो. कडक लागणारी जागा, गाठ. कारण नसताना हलणारा दात. जीभ हलवताना किंवा गिळताना होणारा त्रास. आणि तोंड कमी उघडणं.

शेवटचं आत्ताच बघून टाकू. हसू नका, सरांनीही करा. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. साधारणपणे स्वतःची तीन बोटं जायला हवीत. ज्यांची दोनच जातात, त्यांनी घाबरू नये. जबड्याच्या सांध्यामुळेही असं होतं. पण दाखवून घ्यावं. २०१८ च्या दिवाळीत दादाची दोन बोटंसुद्धा गेली नसती.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल की नुसतं बघून जीव वाचतो, याला पुरावा काय? माझाही पहिला प्रश्न हाच होता. केरळमध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या मध्यात, म्हणजे आपण दहावीत होतो त्याच सुमारास, डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास सुरू केला. पस्तीस वर्षांवरचे सुमारे १ लाख ९० हजार लोक. गावांचे तेरा गट केले. सात गटांत आरोग्य कार्यकर्ते दर तीन वर्षांनी घरी जाऊन तोंड बघायचे, सहा गटांत नेहमीसारखंच चालू. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर होते. २००५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, ज्या गटांत तपासणी झाली तिथे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. फक्त दिवा आणि डोळे.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. ज्यांना कसलीच सवय नव्हती, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीनेही २०१३ मध्ये म्हटलं की लक्षणं नसलेल्या सगळ्याच प्रौढांना अशा तपासणीची शिफारस करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. तेव्हा ज्याने कधी काही खाल्लं-ओढलं नाही, त्याने फक्त यासाठी धावपळ करावी असं मी म्हणत नाही. पण दातांसाठी तुम्ही खुर्चीत बसलाच आहात, तोंड उघडलंच आहे, तर पाच मिनिटं बघून घ्यायला काय जातं? आणि भरून न येणारी जखम मात्र कोणाचीही असो, निर्व्यसनी माणसाची असो, ती दाखवायचीच. जिभेच्या कडेचा कॅन्सर काही सवय नसलेल्यांनाही होतो.

ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी मात्र हा अभ्यास स्पष्ट बोलतो. आणि तंबाखूसोबत दारूही असेल, तर दोन धोके नुसते बेरीज होत नाहीत, त्याहून वाढतात.

भीतीबद्दल एक शब्द. 'बघितलं आणि काही निघालं तर?' हे मला निम्म्या नातेवाइकांनी ऐकवलं. निघतं ते बहुतेक वेळा कॅन्सर नसतं. कधी टोकदार दात घासून चट्टा झालेला असतो, दात घासून गुळगुळीत केला की दोन आठवड्यांत जातो. गेला नाही, तर जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि तपासतात. 'तुकडा काढला की रोग पसरतो' हे आपल्याकडे इतकं ऐकलं जातं की दादाचे आठ दिवस त्यातच गेले. हे खरं नाही. पसरतो तो वाट बघितल्यामुळे. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांनंतरही चांगले असतात. शेवटच्या टप्प्यात तसं म्हणता येत नाही. आमच्या धंद्यात चूक जितकी उशिरा सापडते तितकी महाग पडते, एवढंच मी इंजिनिअर म्हणून सांगू शकते. तिथे कंपनीचे पैसे जातात. इथे अर्धा जबडा जातो.

मग करायचं काय? तीन गोष्टी.

पहिली. यापुढे दातांच्या डॉक्टरांकडे कशासाठीही जाल, दाढ भरायला, कवळी बसवायला, मुलीच्या तारा लावायला, तेव्हा एक वाक्य म्हणा, "डॉक्टर, दातांसोबत तोंडही बघा." यात डॉक्टरांचा अपमान नाही. आपल्या तुकडीतल्या दंतवैद्य मैत्रिणीने मला सांगितलं, "पेशंटने असं म्हटलं तर मला आनंदच होईल. दाराबाहेर दहा जण बसलेले असतात, कोणी आठवण केली तर बरंच." आणि ज्यांची कवळी आहे, ते आई-वडील, त्यांना 'आता दातच नाहीत, दाखवायचं काय' असं वाटतं. त्यांनाही न्या. दात गेले तरी गाल आणि जीभ आहेत.

दुसरी. खुर्चीत बसल्यावर खरं सांगा. 'व्यसन आहे का' या प्रश्नाची वाट बघू नका. काय खाता, किती वर्षं, कुठल्या गालात ठेवता, ते सांगा. आणि बरोबर आलेल्या बायकोने, बहिणीने, मुलाने पाच मिनिटं बाहेर बसावं. दादा म्हणतो, वहिनी बाहेर असती तर त्याने सुपारीचं सांगितलंही असतं. वहिनीला हे ऐकून काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

तिसरी. महिन्यातून एकदा मोबाईलचा टॉर्च लावून आरशात स्वतःचं तोंड बघा. ही डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, पण बदल झाला तर कळतो. पैशांची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीस वर्षांवरच्या लोकांचं तोंड दर पाच वर्षांनी मोफत तपासायचं, असं सरकारी कार्यक्रमातच आहे. गावातल्या आशाताईंना विचारा. आणि तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११२ ३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. एकट्याने सोडणं अवघड असतं, मदत मागण्यात कमीपणा नाही.

आता शेवटचं. मघाशी म्हटलं होतं, आपल्या दोन दंतवैद्यांचं काम आहे. जेवणानंतर, तीन ते पाच, दहावी 'ब' च्या वर्गात ते दोघं बसणार आहेत. खिडकीजवळच्या बाकावर, जिथे उजेड चांगला येतो. एकेकाने आत जायचं, दार लोटून घ्यायचं. वहीत नाव लिहिलं जाणार नाही. आत काय विचारलं, काय सांगितलं, ते त्या दोघांत आणि तुमच्यात राहील. आपल्या वर्गात कोणी कोणाची कॉपी दाखवली हे तीस वर्षांत या दोघांनी सांगितलं नाही, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पानाच्या स्टॉलबद्दल मी संयोजकांशी भांडले नाही. त्यांनी मनापासून ठेवलाय. पण सुपारीशिवायचं पान मागितलं तर मिळेल, हे मी त्या पानवाल्या काकांना विचारून आले आहे. गुलकंद, बडीशेप, खोबरं भरपूर घालतो म्हणाले.

रांगेत पहिली मी उभी असेन. माझ्या मागे कोणी उभं राहिलं, तर मी मागे वळून बघणार नाही.



ता. क. : स्मरणिकेसाठी हे लिहून काढताना संपादकांनी विचारलं, त्या दिवशी किती जण आले आणि काही निघालं का, तेही लिहा. किती आले ते सांगते. पाच वाजता वर्ग बंद करायचा होता, तो साडेसहाला बंद झाला. शिपाईकाका किल्ली घेऊन दाराशी थांबले होते, शेवटी तेही आत जाऊन आले. काही निघालं का, ते मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलं नव्हतं.

रात्री दादाला फोन केला. रांग साडेसहापर्यंत होती म्हटल्यावर तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. तो विचारत होता, "सुपारी म्हणालीस ना?"

म्हटलं, हो दादा. सुपारीच म्हणाले.